रात्री साडेदहाची पंगत

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर गोव्यातल्या सावईवेऱ्याला माहेरी गेले होते. पाऊस सरला की कुळागरातले, म्हणजे पोफळींच्या बागेतले, पाट साफ करायला घेतात. चार महिने साचलेला गाळ आणि कुजलेली झावळं ओढून काठावर टाकली, की व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी पोफळींपर्यंत जायला वाट मोकळी होते. मी चहाचा कप घेऊन नुसती बघत उभी होते. गाळाच्या ढिगात काहीतरी वळवळलं. मला वाटलं गांडूळ. काम करणाऱ्या काकांनी ते ओल्या तळव्यावर घेऊन माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "बाय, जिवीं आसात हीं."

जेमतेम दोन सेंटिमीटरची पिल्लं. अंग दोऱ्यासारखं, बाजूनं तपकिरी ठिपक्यांची ओळ, तोंडाभोवती केसाएवढ्या मिशा. लोच! तळाशी राहणारा, मिशांचा छोटा मासा. दुकानातून झेब्रा लोच आणायचे म्हणून मी वर्षभर पैसे बाजूला टाकत होते आणि इथे आमच्याच पाटात ही मंडळी लोळत होती. आईच्या लोणच्याच्या बरणीत पाटाचंच पाणी भरून 11 पिल्लं घरी आणली. आईला हे पटलं नाही. "खायच्या कामाचं नाही ते नुस्तं (मासे) कशाला नेतेस?" या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

मासा कोणता, तर लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मालिस. नाव माशापेक्षा लांब. 1846 मध्ये त्याचं वर्णन झालं ते श्रीलंकेतल्या गरम झऱ्यांत सापडलेल्या माशांवरून, म्हणून थर्मालिस. आमच्या व्हाळाचं पाणी मात्र मेमध्येसुद्धा पाय बधिर करतं.

पहिल्या चार दिवसांत चार पिल्लं मेली. दोष सगळा माझा. घरात गप्पींची दोन फुटी टाकी चांगली चालू होती, पण गप्पी या पिल्लांना त्रास देतील म्हणून मी त्यांना कोऱ्या प्लास्टिकच्या टबात, विहिरीच्या ताज्या पाण्यात ठेवलं आणि वर उकडलेल्या अंड्याचं पिवळं कुस्करून घातलं. दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं दिसायला लागलं. नव्या भांड्यात अमोनिया खाणारे जिवाणू नसतात, ते जमायला चार-सहा आठवडे लागतात. त्यात अंडं म्हणजे विषाचा खुराकच. मी फोंड्याला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, दिवसभर लोकांना मोजूनमापून देते, आणि घरी येऊन चिमटीनं अंडं घातलं. उरलेली सात घाईघाईनं गप्पींच्या टाकीत सोडली.

पाणी चांगलं मिळालं, पण आता उपासमार सुरू झाली. ही मला आठवडाभर कळलीच नाही. मी सकाळ-संध्याकाळ खाणं घालत होते, ते संपतही होतं. संपवत होते गप्पी. वर तरंगणारे फ्लेक्स तळाला पोचायच्या आत फस्त. लोच तळातला मासा. तोंड खालच्या बाजूला, वाळू तोंडात घ्यायची, त्यातले बारीक किडे आणि शेवाळ ठेवायचं, वाळू कल्ल्यांतून बाहेर टाकायची. शिवाय दिवसा तो वाळूत पुरून बसतो, फक्त डोळे वर. एका रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा टॉर्चच्या उजेडात दोन पिल्लं काचेला चिकटलेली दिसली. पोट आत गेलेलं, डोकं अंगापेक्षा मोठं. सुकटीसारखी.

तेव्हापासून जेवण रात्री. आमची जेवणं आटोपली, ओटा पुसला, की साडेदहाच्या सुमाराला टाकीचा दिवा बंद करते. अर्धा तास काहीही करायचं नाही. मग टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळायचा, कारण लाल उजेडाला ती फारशी बुजत नाहीत. खाणं घालायला दुकानातली 10 मिलीची सिरिंज, सुई नसलेली, तिच्या तोंडाला एअर पंपाची फूटभर नळी. नळीचं टोक वाळूच्या वर बोटभर ठेवून हळूहळू दाबायचं. गप्पी तोवर वर झोपलेले असतात.

खाणं दोन प्रकारचं. एक आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव. त्याची अंडी डबीत सुकी मिळतात. प्लास्टिकची बाटली तळ कापून उलटी टांगायची, लिटरला 25 ग्रॅम मीठ, खालून सतत बुडबुडे. पाणी 28 अंशांच्या आसपास हवं, ते गोव्यात फुकट मिळतं. मी आगरवाड्याचं जाडं मीठ वापरते. मिठागरातच राहणारा प्राणी, त्याला आगरातलंच मीठ द्यावं, एवढाच त्यामागे विचार. एक दिवस ते दीड दिवसात अंडी फुटतात. पंप बंद केला की टरफलं वर तरंगतात आणि नारिंगी पिल्लं खाली, उजेडाच्या बाजूला गोळा होतात. ती जुन्या धोतराच्या कापडातून गाळून, साध्या पाण्यानं धुऊन लगेच घालायची. गोड्या पाण्यात ती काही तासच जगतात. उरली तर टाकी नासवतात.

दुसरं मायक्रोवर्म, दोऱ्यासारखे बारीक किडे. शिजवलेल्या ओट्सची लापशी डब्यात पसरायची, वर चिमूटभर यीस्ट, कुणाकडून तरी आणलेलं या किड्यांचंच थोडं विरजण आणि झाकणाला भोकं. आठवड्यात डब्याच्या भिंतींवर मिलिमीटरभर लांबीचे किडे चढतात, ते इअरबडनं पुसून घ्यायचे. हे सरळ तळाला जातात, म्हणून लोचच्या पिल्लांना याहून सोयीचं काही नाही. वास मात्र शिळ्या सुरेसारखा. नवरा म्हणतो पोदेराचं, पाववाल्याचं, पीठ आपल्या फ्रिजवर आंबतंय. डासांच्या अळ्याही एकदा करून पाहिल्या. त्या वरच राहतात, गप्पींची चंगळ झाली. वर मुलीनं डेंग्यूवरून मलाच भाषण दिलं.

आर्टेमिया पहिल्यांदा दिला ती रात्र. सिरिंजमधून वाळूवर नारिंगी धूर सुटला. काही हललं नाही. मग वाळूला एक बारीक फट पडली आणि आधी मिशा बाहेर आल्या, थरथरत, वास चाचपत. मागून डोकं. पिल्लू धुरात शिरलं आणि टोचे मारल्यासारखं खायला लागलं, शिवणयंत्राची सुई जशी चालते तसं. अंग एवढं पारदर्शक की पाच-सात मिनिटांत पोटात नारिंगी रेघ उमटली. एक, दोन, पाच रेघा मोजल्या. त्या रात्री मी बारा वाजेपर्यंत ओल्या फरशीवर बसले होते.

महिनाभर रात्रीचं मोठं जेवण आणि सकाळी कामावर जायच्या आधी थोडं, असं चाललं. मग बुडणाऱ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून द्यायला लागले, पुढे गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) कात्रीनं तुकडे करून. आठवड्यातून एकदा तवशाची (काकडीची) चकती उकळत्या पाण्यातून काढून, सकाळी उरलेली बाहेर. तीन सेंटिमीटरच्या वर गेल्यावर रोज एकदा पुरतं.

एक पिल्लू मात्र खाऊनही भरेना. रेघ दिसायची, पोट आतच. रानातून आणलेल्या लोचमध्ये पोटातले जंत हे नेहमीचं कारण. त्यावर जंतांचं औषध लेव्हामिझोल, लिटरला 2 मिलिग्रॅम, सगळ्या टाकीला, 24 तास दिवा बंद ठेवून, कारण उजेडात ते टिकत नाही. नंतर तळाची घाण नळीनं ओढून घेऊन पाणी बदललं, दोन आठवड्यांनी परत एकदा. या वेळी तागडीवर तोलून. लोचचे खवले इतके बारीक असतात की नसल्यातच जमा, त्यामुळे औषध त्यांना पटकन बाधतं. अंगावर पांढरे ठिपके येतात त्या रोगावरच्या औषधाच्या बाटलीवर लिहिलेला डोस यांना अर्धाच द्यावा.

बाकी सांभाळणं सोपं. वाळू बारीक आणि गुळगुळीत हवी. टोकदार खडीनं मिशा झिजतात, आणि मिशा गेल्या की खाणं शोधणार कशानं? जाळीनं पकडू नये. डोळ्याखाली बारीक काटा असतो, तो जाळीत अडकतो. मी प्लास्टिकचा पेला वापरते. झाकण घट्ट पाहिजे, पंपाच्या नळीसाठी ठेवलेल्या भोकातूनही ही बाहेर पडतात. एक आमच्या पायपुसण्यावर सापडलं, जिवंत.

जूनमध्ये एका रात्री वीज गेली. पंप बंद पडला. बघते तर सगळी पिल्लं बाणासारखी वर येऊन घोट घेऊन खाली जातायत. हा मासा हवा गिळतो आणि आतड्यातून प्राणवायू शोषतो, त्यामुळे एखादं वर आलं तर घाबरायचं कारण नाही. सगळी एकदम, सारखी यायला लागली तर पाणी बदलायची वेळ झालेली असते. आता बॅटरीवरचा पंप आहे.

चवथीला पाच दिवस सावईवेऱ्याला जाणार. शेजारच्या मुलाला सांगितलंय की काहीही घालू नकोस. मोठी झालेली लोच पाच दिवस निभावतात, शेजाऱ्यांच्या मायेनं मात्र मरतात.

सातांतल्या तिघांचे पुढचे पर गेल्या आठवड्यात नीट पाहिले. आतली दोन हाडं जुळून जाड झालीयत. ही नराची खूण. म्हणजे बाकीच्या चारांत माद्या असाव्यात. आता मायक्रोवर्म कुणी खात नाही, नवरा डबा टाकून दे म्हणून मागे लागलाय. मी दर रविवारी त्यात नवी लापशी घालते.