दोन म्हशी आणि रोजचं चारशे लिटर दूध

डिप्लोमाच्या दुसऱ्या सेमिस्टरला सी ही प्रोग्रामिंगची भाषा लागली. इफ-एल्स (अट) आणि फॉर लूप (तेच काम ठरावीक वेळा) इथपर्यंत गाडी बरी चालली, अ‍ॅरेला, म्हणजे एका नावाखाली रांगेत मांडलेल्या आकड्यांच्या डब्यांना, अडली. जर्नलमधलं प्रत्येक उदाहरण १०, २०, ३०, ४०, ५० या आकड्यांवर. बेरीज १५० आली की सही. पण तिथे १४० आले असते तरी मला काही खटकलं नसतं, कारण त्या आकड्यांशी माझं देणंघेणंच नव्हतं.

म्हणून सुट्टीला घरी गेलो तेव्हा आप्पांची दुधाची वही उघडली. आमच्या दोन म्हशी, डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी. फ्लोटचा, म्हणजे दशांश आकड्यांचा, अ‍ॅरे घेतला, दूध[१०]. रोज दोन्ही वेळची धार मिळून किती लिटर ते त्यात भरायचं आणि बेरीज काढायची. फॅटप्रमाणे दर हलतो, तो भाग सोडून दिला. दिवस १ ते १० म्हणून लूपही १ ते १०. कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी या प्रोग्राम चालवायच्या सॉफ्टवेअरवर चालवलं आणि ९४ लिटर आलं, वहीतल्याइतकंच. मी खूश.

प्रोग्राम चुकीचा होता आणि उत्तर बरोबर होतं. सी शिकताना याच्याइतका घात दुसऱ्या कशाने होत नाही.

दुसऱ्या दिवशी दर नावाचं एक व्हेरिएबल, म्हणजे एका आकड्याचा डबा, वाढवलं, त्यात ४५ ठेवले आणि बिल काढायला लावलं. ४२३० यायला हवे होते, आले ९८७. तासभर गुणाकाराची ओळच बघत बसलो. शेवटी वैतागून ९८७ ला ९४ ने भागलं, साडेदहा आले. हा आकडा कुठे तरी पाहिलाय असं वाटलं, म्हणून वही काढली. दहाव्या दिवसाचं दूध साडेदहा लिटर!

दहाव्या दिवसाचं दूध दराच्या डब्यात जाऊन पडलं होतं. दूध[१०] असं जाहीर केलं की डबे मिळतात दहा, पण त्यांचे नंबर ० ते ९. भरताना लिहिलेला दूध[१०] हा अकरावा डबा आणि तो आपला नाहीच. सी तुम्हाला तिथे लिहू देतं, हटकत नाही. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली ती ऑपरेटिंग सिस्टीम लिहिण्यासाठी. प्रत्येक डबा उघडताना हद्द तपासत बसण्याचा खर्च तिने घेतलाच नाही, ते काम आपल्यावर सोडलं. त्या दिवशी शेजारी रिकामी जागा होती म्हणून निभावलं, आज तिथे दर राहायला आला होता.

शून्यापासून मोजायचं कारण हॉस्टेलच्या रूममेटने सांगितलं. तो नंबर दिवसाचा नसतो, सुरुवातीपासूनच्या अंतराचा असतो. एक फ्लोट चार बाइटचा, म्हणजे दूध[३] सुरुवातीपासून बारा बाइट पुढे आणि दूध[०] सुरुवातीलाच. हे एका ओळीत सांगता येतं, पण तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा नाव देऊन वेगळा काढलेला तुकडा. बेरजेचा कोड वेगळ्या फंक्शनमध्ये टाकला. अ‍ॅरेत किती घटक आहेत ते काढायला साइझऑफ वापरलं, अख्ख्या अ‍ॅरेचा आकार भागिले एका घटकाचा. मेनमध्ये, म्हणजे मुख्य प्रोग्राममध्ये, हे दहा देत होतं. फंक्शनमध्ये नेल्यावर लॅबमध्ये बेरीज आली शून्य. तोच प्रोग्राम रूममेटच्या उबंटू लॅपटॉपवर जीसीसी या दुसऱ्या सॉफ्टवेअरने चालवला तर साडेअठरा. पहिल्या दिवशी साडेनऊ, दुसऱ्या दिवशी नऊ, म्हणजे पहिल्या दोनच दिवसांची बेरीज. जीसीसीने वॉर्निंगही दिली होती. एरर नाही ना, मग चालतंय, असं म्हणून मी ती वाचलीच नव्हती.

शून्य आणि दोन का, ते मॅडमनी फळ्यावर दाखवलं. फंक्शनला अ‍ॅरे मिळतच नाही, त्याचा मेमरीतला नुसता पत्ता मिळतो. टर्बो सीमध्ये माझ्या प्रोग्रामसाठी पत्ता दोन बाइटचा, आणि दोन भागिले चार म्हणजे पूर्णांकात शून्य. रूममेटच्या ६४ बिट मशीनवर पत्ता आठ बाइटचा, आठ भागिले चार म्हणजे दोन. तेव्हापासून अ‍ॅरे पाठवला की सोबत त्याची संख्याही वेगळी पाठवतो. दोन मशीनवर दोन वेगळी चुकीची उत्तरं आली म्हणून हे उलगडलं. एकच आलं असतं तर मी परत गुणाकाराची ओळ बघत बसलो असतो.

तिसरा गोंधळ घरी झाला. रूममेटचा लॅपटॉप मागून नेला होता. बिल काढणाऱ्या फंक्शनमध्ये मी प्रत्येक दिवसाच्या लिटरला दराने गुणून उत्तर त्याच डब्यात परत ठेवत होतो. बिल ४२३० बरोबर आलं. आप्पांना दाखवावं म्हणून खाली दिवसवार दूधही छापलं. आप्पांनी चष्मा लावून वाचलं, "पहिला दिवस, ४२७.५ लिटर. दोन म्हशींचं?" आईला हसू आवरेना.

मला वाटत होतं की फंक्शनमध्ये केलेलं फंक्शनमध्येच राहतं. जर्नलमधल्या स्वॅपच्या प्रोग्रामने हेच तर शिकवलं होतं: दोन इंट, म्हणजे पूर्णांक, पाठवा, आत अदलाबदल करा, बाहेर काही बदलत नाही. रूममेटला फोन केला. तो म्हणाला, "इंट पाठवणं म्हणजे सातबाऱ्याची झेरॉक्स देणं. झेरॉक्सवर काहीही खरड, तलाठ्याच्या दप्तरात फरक पडत नाही. अ‍ॅरे पाठवलास की तू शेताचा गट नंबरच देतोस. तो माणूस सरळ शेतात जाऊन नांगरून येतो." मी बिलासाठी वेगळा अ‍ॅरे घेतला आणि दूध पुन्हा लिटरमध्ये आलं.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं हेच काढलं. "अ‍ॅरे फंक्शनला कसा जातो? कॉल बाय व्हॅल्यू की रेफरन्स?" गाइडात रेफरन्स लिहिलं होतं. मी म्हटलं, "सर, सीमध्ये सगळं व्हॅल्यूनेच जातं. अ‍ॅरेच्या वेळी पत्त्याची झेरॉक्स जाते, पण पत्ता खरा असतो, म्हणून शेत नांगरलं जातं."

"कुठलं शेत?" सर म्हणाले.

मग त्यांना म्हशींपासून सगळं सांगावं लागलं.