नखाखालची टिकली

पुण्यातल्या एका सोसायटीच्या फाटकाशी रबर प्लांटच्या सात मोठ्या कुंड्या होत्या. पानांवर डाळीएवढे पिवळे डाग, खालची निम्मी पानं गळलेली. माझ्या आधी झाडं तपासायला आलेल्या माणसाने खवले कीड ओळखून मुळाशी दोनदा इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक ओतलं होतं. कीड बरोबर ओळखली होती, तरी झाडं खंगतच होती.

पान उलटलं. शिरेलगत काळपट-तांबूस गोल टिकल्या, जेमतेम दोन मिलिमीटरच्या. पानावरून बोट फिरवलं, मग फरशीवरून. चिकटा कुठेच नाही.

“काका, मुंग्या येतात का यावर?”

“नाही ताई, एक पण नाही,” माळीकाका म्हणाले.

नखाने एक टिकली उचलली. कवच अलगद सुटलं आणि खाली लिंबासारखं पिवळं, बिनपायाचं शरीर पानावरच राहिलं. खवले किडीतल्या मऊ जातीचं कवच असं वेगळं निघत नाही. ही कवचवाली जात होती.

चार पानं घेऊन आले आणि ब्लेडने पातळ काप घेतले. रबराच्या पानातून चीक इतका येतो की काप पुनःपुन्हा धुवावे लागतात. सॅफ्रॅनिन या लाल रंगात रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. वरच्या बाजूला ओळखीचं दृश्य: अनेक थरांची बाह्यत्वचा आणि तिच्यात द्राक्षाच्या घडासारखे लोंबणारे चुन्याचे खडे. वड-पिंपळाच्या या कुळाची ती खूणच. खालून मात्र एक लालसर रेघ आत शिरली होती: कीड सोंड खुपसते तेव्हा तिच्याभोवती जमणारं लाळेचं आवरण. मी ती रसवाहिनीपर्यंत जाईल म्हणून बघत राहिले. ती शिरेकडे वळलीच नाही. हिरव्या पेशींमध्येच फाटे फोडत फिरली होती, आणि तिच्या वाटेवरच्या पेशी रिकाम्या, चपट्या, हरितद्रव्य गेलेल्या. बाहेरून दिसणारा पिवळा डाग तो हाच. कितीतरी वेळ मी डोळा काढला नाही.

मऊ खवले कीड रसवाहिनीतला साखरेचा रस पिते, जास्तीची साखर बाहेर टाकते. म्हणून चिकटा, मुंग्या, काळी बुरशी. मुळातून दिलेलं इमिडाक्लोप्रिड तिच्यावर चालतं. पेशी एकेक करून रिकाम्या करणाऱ्या या कवचवालीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. मला वाईट वाटलं ते कुंड्यांत फुकट गेलेल्या औषधाचं.

दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशने टिकल्या खरवडल्या, फार किडलेली पानं काढली आणि संध्याकाळी पातळ मिनरल ऑइल पानांच्या खालून फवारलं. कवचाखाली श्वास कोंडतो तो तेलानेच. रांगती पिल्लं नंतरही निघतात म्हणून पुढे आणखी दोन फवारे दिले. एका कुंडीवर चकचकीत काळे ढालकिडे (लेडीबर्ड) दिसले. ते ही कीड खातात, म्हणून तिथे तेल मारलं नाही, नुसता ब्रश फिरवला.

मेलेली टिकलीही पानाला चिकटूनच राहते, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. दीड महिन्याने गेले तेव्हा जुने डाग तसेच पिवळे होते. ते परत हिरवे होत नाहीत. पण शेंड्याच्या तांबड्या वेष्टनातून नवं पान सुटत होतं. काकांनी मला हात लावू दिला नाही. स्वतःच नखाने एक टिकली उलटली आणि पुढे केली. आत नुसता कोरडा भुसा.