कंगव्यावरून नख फिरवल्यासारखा

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की टॉर्च घेऊन गावच्या माळावर जायचं, हे गेली चार वर्षं चाललंय माझं. गाव सुप्याच्या पलीकडे, बारामती तालुका, पाऊस तसा बेताचाच. आई म्हणते लांडगा बघायला गेलास तर समजू शकते, रात्री अकराला बेडूक कसला बघतोस.

पण बेडूक आहेच तसला. पूर्ण वाढलेला जेमतेम दोन-सव्वादोन सेंटीमीटर. निमुळतं थोबाड, मागे पसरट होत गेलेलं अंग, आणि तपकिरी पाठीवर डोळ्यांच्या मधून निघून खाली रुंदावत गेलेली गडद नक्षी. तोंड एवढंसं त्यामुळे मुंग्या आणि वाळवी यावरच गुजराण, आणि माळावर त्यांना काय तोटा!

पहिल्या वर्षी मला तो रातकिडाच वाटला होता. क्र्र्र्र, क्र्र्र्र, अगदी पायाशी. टॉर्च मारली की गप, बंद केली की चालू. अर्धा तास उकिडवा बसलो, सॉक्समध्ये गेल्या वर्षीची कुसळं टोचतायत, डास वेगळेच, आणि शेवटी दिसला तो गवताच्या ठोंबाच्या बुडाशी, गळ्याचा फुगा जवळजवळ त्याच्याएवढाच.

पाणी म्हणाल तर मुरमाच्या खळग्यात साठलेलं, कधी कधी तर नुसतं गुरांच्या खुरांनी पडलेल्या खड्ड्यातलं. त्यावर अंडी एका थरात तरंगत असतात, साबुदाणा सांडल्यासारखी, फक्त प्रत्येक दाण्यात काळा ठिपका. दिवस-दोन दिवसांत त्यातून बेडूकमासे बाहेर, काचेसारखे आरपार, आतडंसुद्धा दिसतं, आणि तळाशी न बसता पाण्यात मध्येच अधांतरी थांबलेले. घाई करावीच लागते, चार दिवस उघडीप दिली की डबकं खलास.

नावाची गंमत वेगळीच. 1841 मध्ये मलबारच्या बेडकाला दिलेलं मायक्रोहायला ऑर्नाटा हेच नाव आपल्याकडच्यांनाही चालायचं, पुण्यातल्या लॅबमध्ये त्याच नावाने याच्या अंड्यांवर प्रयोगही व्हायचे. मग 2015 मध्ये बांगलादेशातल्या नीलफामारीहून मायक्रोहायला नीलफामारिएन्सिस ही नवी जात जाहीर झाली, आणि 2019 मध्ये डीएनए, आवाज सगळं ताडून बघितल्यावर कळलं की आपला दख्खनचा बेडूकही तोच. म्हणजे सुप्याच्या माळावरच्या गड्याचं आडनाव बांगलादेशी.

माळ कागदोपत्री पडीकच. गेल्या वर्षी आमच्या उतारावर जेसीबीने चर खणले, झाडं लावायची म्हणून, गवताचे ठोंब मुळासकट उपटून बांधावर टाकले. यंदा चरात पाणी गुडघाभर. तिथेही बसलो मी तासभर. एक क्र्र्र नाही. पन्नास पावलांवर, जिथे गवत राहिलंय तिथे, नुसता गोंधळ चालू होता.

तो रेकॉर्ड करून फॅमिली ग्रुपवर टाकला. काकांचा रिप्लाय आला, "कंगवा कोण वाजवतंय रे रात्रीचं?"