लाईन गेली की काम अर्धवट राहतं: ‘सर्व्हिस होस्ट’ प्रोसेसर का खातो

सकाळी दहाला सेतू केंद्र उघडलं, कॉम्प्युटर सुरू केला. अजून एकही खिडकी उघडलेली नाही, तरी डब्ब्याचा पंखा घोंघावतोय, माऊस अडखळतोय, आणि बाहेर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चार माणसं उभी. टास्क मॅनेजर, म्हणजे चालू कामांची यादी, पाहिली तर सगळ्यात वर ‘सर्व्हिस होस्ट’ नावाची प्रोसेस. मग बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो: त्यावर क्लिक करून ‘एंड टास्क’. दहा मिनिटं बरी जातात, पुन्हा तेच. कधी नेट किंवा आवाजच बंद पडतो, कधी निळा पडदा येतो.

कारण सर्व्हिस होस्ट, म्हणजे एसव्हीसीहोस्ट, स्वतः काहीच करत नाही. तो भाड्याच्या खोलीसारखा आहे, आत राहणारा वेगळाच. विंडोजच्या पुष्कळ सेवा स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालत नाहीत, त्या या खोलीत बसून काम करतात. पूर्वी एकेका खोलीत आठ-दहा सेवा कोंबलेल्या असत. २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून, रॅम ३.५ जीबीपेक्षा जास्त असेल तर बहुतेक सेवांना वेगळी खोली मिळते. म्हणून ८ जीबीच्या मशीनवर सर्व्हिस होस्टच्या साठ-सत्तर ओळी दिसल्या तर घाबरायचं काम नाही. २ जीबीच्या जुन्या मशीनवर मात्र सगळे अजूनही एकत्रच राहतात, आणि तिथे एक मारला की शेजारचे फुकट मरतात.

तेव्हा आधी आत कोण आहे ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडताच दिसणारा आकडा खरा धरू नका, उघडण्याच्या कामानेच तो उसळतो. अर्धा मिनिट थांबा. मग सर्व्हिस होस्टच्या डावीकडच्या बाणावर क्लिक केलं की सेवेचं नाव दिसतं. एकाच खोलीत अनेक जण असतील तर ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडा, सीपीयूच्या पानावर त्या प्रोसेससमोर खूण करा. खाली ‘सर्व्हिसेस’मध्ये प्रत्येक सेवेचा सरासरी वापर वेगळा दिसतो. तो सरासरी आकडाच कामाचा, कारण क्षणाचा आकडा उड्या मारतो.

इथे एक हिशेब लक्षात ठेवा. चार लॉजिकल प्रोसेसरच्या मशीनवर (ही संख्या टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर दिसते) एखादी प्रोसेस तासभर बरोब्बर २५ टक्क्यांवर चिकटली असेल, तर तिचा एक धागा, म्हणजे एका ओळीत चालणारं एकच काम, प्रोसेसरच्या एका कोरला धरून बसला आहे. दोनच असतील तर तो आकडा ५०. खरं काम चालू असताना आकडा वरखाली होतो, अडकलेलं काम एका जागी खिळतं. आणि ‘सिस्टम आयडल प्रोसेस’ ९५ दाखवते म्हणून तिच्यामागे लागू नका. ती ओळ म्हणजे प्रोसेसर रिकामा बसल्याचा हिशेब आहे. तिला बंद करायचा प्रयत्न करणारे दर गावात एक-दोन असतातच.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे खोलीत सापडणारा बहुतेक वेळा ‘विंडोज अपडेट’ असतो, नाहीतर खोलीबाहेर, स्वतःच्या वेगळ्या ओळीत, त्याचा सोबती ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’, ज्याची फाईल टीआयवर्कर. शहरातल्या ऑफिसात हे दोघं कधी आले, कधी गेले, कळत नाही. तिथे रात्रभर लाईन असते, नेट असतं. इथे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर अपडेट अर्धं उतरतं, लाईन जाते, इन्व्हर्टर बोंबलतो, मशीन खाडकन बंद. दुसऱ्या दिवशी विंडोज काय राहिलंय ते पुन्हा पहिल्यापासून तपासतं, उतरलेल्या फाईली पडताळतं, उलगडायला घेतं, तेवढ्यात परत लाईन जाते. म्हणजे प्रोसेसर खाणारं काम फार मोठं नसतं, ते कधी पुरं होत नाही. एंड टास्क करणारा माणूस लाईनचंच काम हाताने करतो.

त्याला एकदा पुरं होऊ द्या. गर्दी नसलेला दिवस धरा, चांगल्या नेटवर जोडा, सेटिंगमधल्या विंडोज अपडेटमध्ये स्वतः ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा आणि दोन-तीन तास त्याच्याकडे बघू नका. हार्ड डिस्कच्या जुन्या मशीनवर अख्खी दुपारही जाते. टीआयवर्कर चालू असताना बटण दाबून बंद करणं सगळ्यात वाईट. अर्धवट बसलेलं अपडेट विंडोज परत काढतं, आणि त्यालाही तेवढाच वेळ लागतो. डेस्कटॉपला साधा ६०० व्हीएचा यूपीएस असला तरी नीट बंद करण्यापुरती दहा मिनिटं हाती राहतात. त्याची बॅटरी गेलेली असेल तर तो यूपीएस नाही, महागडा एक्स्टेन्शन बोर्ड आहे.

मग रोजच्यासाठी शिस्त लावा. हॉटस्पॉटच्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, म्हणजे मोठी अपडेट आपोआप उतरणार नाहीत. ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’, म्हणजे अपडेटसाठी विंडोजने स्वतःहून रिस्टार्ट होऊ नये तो वेळ, केंद्राच्या वेळेला बसवा, १८ तासांपर्यंत देता येतात. ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मधलं दुसऱ्या कॉम्प्युटरशी देवाणघेवाण बंद. पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आली असेल तर अपडेटला ‘पॉज’ करा. ३५ दिवसांपर्यंत थांबवता येतं. सेवा कायमची ‘डिसेबल’ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. एक तर ‘अपडेट मेडिक’ नावाची दुसरी सेवा तिला परत उठवते, आणि न उठवली तर लोकांचे आधार आणि बँकेचे तपशील हाताळणारं मशीन उघडं पडतं.

दोन-तीन वेळा पूर्ण संधी देऊनही अपडेट त्याच टक्क्यावर अडकत असेल तर बहुधा उतरलेला साठा खराब झाला आहे. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. ‘विंडोज अपडेट’ आणि ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस’ या दोन्ही ‘स्टॉप’ करा. मग सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन’ नावाचं फोल्डर आहे, त्याच्या नावापुढे ‘ओल्ड’ जोडा. उडवू नका, नाव बदलणं पुरे. ‘फाईल वापरात आहे’ असं म्हणालं तर सेवा परत उठली आहे, पुन्हा थांबवा. दोन्ही सुरू करून मशीन रिस्टार्ट करा. नवं फोल्डर आपोआप तयार होतं. जुन्या अपडेटची यादी दिसेनाशी होते, बसलेली अपडेट कुठे जात नाहीत. सगळं सुरळीत झाल्यावर, आठवड्याने, जुनं फोल्डर काढून टाका.

विंडोज ७ वर चालणारी मशीन अजून सापडतात. तिथे अपडेट शोधतानाच सर्व्हिस होस्ट तासन्‌तास एक कोर धरून बसतो. एका अपडेटने कोणतं जुनं अपडेट रद्द झालं याचा हिशेब त्याला आटोपत नाही. जुलै २०१६ च्या केबी३१७२६०५ क्रमांकाच्या अपडेटने तो वेग सुधारला, पण आधी केबी३०२०३६९ हे अपडेट बसलेलं लागतं. अर्थात त्या विंडोजचा मायक्रोसॉफ्टकडचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला, त्यामुळे यावर किती दिवस घालवायचे ते तुम्हीच ठरवा.

अर्धवट कामाचा दुसरा नमुना म्हणजे रात्रीची देखभाल. विंडोजने ‘ऑटोमॅटिक मेंटेनन्स’ची वेळ रात्री २ ची धरलेली असते. गावात रात्री मेन स्विच बंद करूनच घरी जातात. मग हुकलेलं काम दिवसा मशीन रिकामं दिसलं की सुरू होतं. तुम्ही चहाला उठलात की डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचं, स्कॅन आणि डिस्कची साफसफाई कामाला लागतात, आणि परत येऊन बसलात की मशीन दोन मिनिटं जड. कंट्रोल पॅनेलच्या ‘सिक्युरिटी अँड मेंटेनन्स’मध्ये ही वेळ बदलता येते. दुपारी १ ठेवा, जेवणाच्या सुट्टीत मशीन चालू सोडा. लॅपटॉप चार्जरवर असू द्या, बॅटरीवर ती देखभाल होत नाही.

डिफेंडरची फाईल ‘एमएसएमपीइंज’. ठरलेल्या वेळेच्या स्कॅनने प्रोसेसर किती घ्यायचा याची मर्यादा मुळात ५० टक्के असते, ती पॉवरशेलमधून, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, कमी करता येते. पण फाईल उघडताना होणाऱ्या तपासणीला ती मर्यादा लागत नाही. हजारो स्कॅन केलेल्या पीडीएफचं फोल्डर पेन ड्राइव्हवरून उघडलं की तो उसळणारच. सोबत दुसरा फुकटचा अँटिव्हायरस किंवा ‘स्पीड वाढवणारं’ काही टाकलेलं असेल तर काढून टाका.

एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल. जुन्या डेस्कटॉपचा हा नाण्याएवढा सेल संपला आणि रात्री मेन स्विच बंद झाला, की सकाळी तारीख कित्येक वर्षं मागे जाते. तारीख चुकली की सर्व्हरची प्रमाणपत्रं खोटी वाटतात, अपडेट आणि डिफेंडर जोडायला जातात, नाकारले जातात, परत जातात. वरून पोर्टलही उघडत नाही, आणि शिव्या नेटला. खाली उजवीकडची तारीख बघायला दोन सेकंद लागतात.

प्रिंटरचं ‘स्पूलर’ चढलं असेल तर एखादी अडकलेली प्रिंट त्याने गिळलेली आहे. सर्व्हिसेसमध्ये ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा, सिस्टम३२ च्या आतल्या स्पूल फोल्डरातलं ‘प्रिंटर्स’ रिकामं करा, परत सुरू करा. ‘डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट’ (इतर प्रोग्रामना मशीनची माहिती पुरवणारा) दिसला तर तो दुसऱ्या कुणाच्या प्रश्नांना उत्तरं देत दमलेला आहे. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ‘डब्ल्यूएमआय-अ‍ॅक्टिव्हिटी’, ‘ऑपरेशनल’ इथवर जा. ५८५८ क्रमांकाच्या नोंदीत ‘क्लायंट प्रोसेस आयडी’ असतो. तोच आकडा टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये शोधला की त्रास देणाऱ्याचं नाव मिळतं. बहुधा प्रिंटरसोबत आलेलं किंवा लॅपटॉप कंपनीचं एखादं ‘असिस्टंट’ निघतं.

‘सिस्टम इंटरप्ट्स’ ही ओळ सतत पाच-दहा टक्क्यांच्या वर राहिली तर सॉफ्टवेअर सोडा, वायरी धरा. बोटांचे ठसे घेणारं यंत्र, वेबकॅम, प्रिंटर, एकेक यूएसबी काढत जा आणि आकडा बघा. ठशांच्या यंत्राची वायर दिवसात पन्नासदा ओढली जाते, ती मुळाशी सैल होते. स्वस्त हब मधे असेल तर यंत्र सरळ मशीनच्या मागच्या पोर्टला लावून पाहा.

हे सगळं तपासूनही मशीन रडतंय आणि महिना एप्रिल-मे असेल, तर दोष प्रोसेसचा नसण्याची शक्यता मोठी. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इथे पारा ४५ च्या पलीकडे जातो. टिनाच्या खोलीत आत त्याहून कमी नसतं. प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या आसपास स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर ‘बेस स्पीड’ आणि चालू ‘स्पीड’ ताडून पाहा. मशीनवर काम चालू असतानाही बेस २.४ गिगाहर्ट्‌झ आणि चालू ०.८ असेल, तर नेहमीचंच काम तिप्पट वेळ घेतंय. विंडोज १० वर अशा वेळी वापराचा आकडा शंभरला न जाता तीस-पस्तीसवर अडकल्यासारखाही दिसतो, त्याने फसू नका. काही लॅपटॉप चार्जर ओळखीचा वाटला नाही तरी हेच करतात. चार्जर काढून वेग वर जातो का ते पाहिलं की उलगडा होतो.

जिनिंगच्या रस्त्यावरच्या दुकानात डब्बा उघडला तर हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर गार ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर रूईची गादी बसलेली असते. तुरीच्या थ्रेशरचा भुसा त्यात मिसळला की चटईच. पंखा बोटाने धरून ठेवा, मगच ब्लोअर मारा. मोकळा पंखा हवेने भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. हीटसिंक काढलाच तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. आणि कूलरच्या झोतासमोर मशीन ठेवू नका. गार वाटतं खरं, पण ओल्या हवेने तीच रूई चिखलासारखी घट्ट होते, आणि बोरच्या पाण्याचे तुषार सुकले की क्षार मागे राहतात. खिडकीपासून दूर, जमिनीपासून हातभर वर, मागे वीतभर जागा.

राहिला तोतया. खरा एसव्हीसीहोस्ट सिस्टम३२ मध्येच असतो, किंवा सिसवॉव६४ मध्ये. ‘डिटेल्स’मध्ये त्यावर उजवं क्लिक करून ‘ओपन फाईल लोकेशन’ करा. फाईल टेम्प, अ‍ॅपडेटा किंवा पेन ड्राइव्हच्या वाटेने निघाली, किंवा नावात दोन अक्षरं उलटसुलट असतील, तर तो तुमच्या विजेवर दुसऱ्यासाठी बिटकॉइनसारखी आभासी नाणी खोदणारा मायनर असू शकतो. टास्क मॅनेजर उघडला की गप्प आणि बंद केला की पंखा सुरू, ही त्यांच्यातल्या कित्येकांची खोड. अशा मशीनवर आधी नेट काढा, मग सेटिंगच्या ‘विंडोज सिक्युरिटी’तून ‘ऑफलाइन स्कॅन’ लावा. मशीन रिस्टार्ट होऊन पंधरा मिनिटांच्या आसपास ते चालतं. लाईन जाणार नाही अशी वेळ पाहूनच लावा. विंडोजच चोरट्या अ‍ॅक्टिव्हेटरने चालू केलेलं असेल तर स्कॅनवर विसंबू नका, फाईली बाहेर काढा आणि मशीन नव्याने भरा. केंद्राचे सगळे पासवर्ड त्यानंतर, दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदला.