तुम्ही विचारलंत म्हणून : यात खेळायचं काय असतं?

हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो माझ्या धाकट्या भावाने, खुर्चीमागे उभं राहून. स्क्रीनवर एक ओसाड बेट होतं. गवत, वारा, आणि दूर लुकलुकणारा एक लाल दिवा. मी चालत होते.

“शत्रू कधी येतात?”

“येत नाहीत.”

“कोडी?”

“नाहीत.”

“मग ताई, यात खेळायचं काय असतं?”

तेव्हापासून मित्रमैत्रिणींनी, सहकाऱ्यांनी, सगळ्यांनी हेच विचारलंय आणि दर वेळी मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेलीय. आता तुम्हीही या नुसतं चालायच्या व्हिडिओ गेमांबद्दल तेच विचारलंत, तर जरा नीट सांगून बघते.

बेटाचा तो गेम म्हणजे ‘डिअर एस्थर’. मुळात हा 2008 सालचा एक प्रयोग. पोर्ट्समथ विद्यापीठातल्या डॅन पिंचबेक यांनी ‘हाफ-लाइफ 2’ या गाजलेल्या शूटरच्या, म्हणजे गोळीबाराच्या गेमच्या, इंजिनावर (गेम ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्यावर) स्कॉटलंडकडच्या हेब्रिडीजमधलं एक बेट उभं केलं आणि खेळणाऱ्याच्या हातातली बंदूक काढून घेतली. धावणं नाही, उडी नाही. आपण चालायचं, आणि मधूनमधून एक माणूस एस्थर नावाच्या बाईला लिहिलेल्या पत्रांतले तुकडे वाचतो. कुठल्या जागी कुठला तुकडा ऐकू येईल हे गेम बऱ्याचदा आयत्या वेळी चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो, त्यामुळे दोघांनी ऐकलेली गोष्ट नेमकी सारखी नसते. 2012 मध्ये तो नव्याने घडवून विकायला आला. ‘वॉकिंग सिम्युलेटर’, म्हणजे चालण्याची नक्कल, हे नाव अशा गेमना कौतुकाने कुणी दिलेलं नाही, तो टोमणा होता. 2014 मध्ये स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने खेळणाऱ्यांनाच गेमवर टॅग, म्हणजे प्रकाराची लेबलं, लावायची सोय दिली आणि टोमणा रीतसर वर्गवारीत जाऊन बसला.

खरं सांगायचं तर मीही ‘डिअर एस्थर’ पहिल्यांदा वीस मिनिटांत बंद केला होता. डाव्या करंगळीने शिफ्ट, म्हणजे शूटरमधलं धावायचं बटण, दाबून धरलेलं, आणि माणूस आपला त्याच चालीने चाललाय. वर्षानुवर्षं शूटर खेळलेला हात असाच असतो. त्याला रिकामं ठेवलं की तो शिवशिवतो.

या गेमांवरून जी भांडणं होतात ती मला त्या शिवशिवण्याचीच वाटतात. एकीकडे संयम असलेले आणि दुसरीकडे उतावळे, अशी वाटणी लोक करतात ती मला पटत नाही. माझा भाऊ एकाच बॉसशी, म्हणजे गेममधल्या बलाढ्य शत्रूशी, तीन तास झुंजतो, चाळीस वेळा मरतो. त्याला उतावळा कोण म्हणेल? पण त्या तीन तासांत त्याचा हात काहीतरी शिकत असतो आणि एकेचाळिसाव्या वेळी ते शिकलेलं दिसतं. माझ्या गेममध्ये हाताला पहिल्या मिनिटाला जेवढं येतं तेवढंच शेवटच्या मिनिटालाही येतं. खेळ म्हणजे हाताची तालीम असं ज्याने मानलंय, त्याला हा सरळ अपमान वाटतो. त्यात मला नवल वाटत नाही. (भांडणही काही आजचं नाही. ‘डूम’ आणि ‘मिस्ट’ एकाच वर्षी आले, 1993 साली. एकात राक्षसांचा चेंदामेंदा, दुसऱ्यात निर्मनुष्य बेटावर कोडी सोडवत भटकणं. पुढे कित्येक वर्षं सर्वाधिक खपाचा पीसी गेम होता तो ‘मिस्ट’. हे मी भावाला दर वेळी ऐकवते.)

मग मिळतं काय? मला ते ‘गॉन होम’ खेळताना कळलं. 2013 सालचा गेम. काळ जून 1995 चा, जागा अमेरिकेतलं ऑरेगन. थोरली बहीण केटी वर्षभर युरोप फिरून रात्री घरी पोचते, तर घरात कुणीच नाही. बाहेर वादळ, टीव्हीवर त्याचे इशारे, दारावर धाकटीची चिठ्ठी, बाथटबमध्ये लाल डाग. हॉरर गेम खेळून तयार झालेलं माझं डोकं लगेच भुताची वाट बघायला लागलं. ते डाग केसांना लावायच्या रंगाचे निघाले. मी खोलीत शिरले की आधी दिवा लावत होते, तो मालवायचं धाडस काही होत नव्हतं.

त्या घरात आपण वस्तू उचलतो, फिरवून बघतो, खण उघडतो, पत्रं वाचतो. उचललेली वस्तू परत जागच्या जागी ठेवायचीही सोय आहे. त्याचे गुण नाहीत. तिथेच खाली टाकलीत तरी गोष्ट पुढे जाते, कुणी रागावत नाही. तरी मी प्रत्येक कागद, प्रत्येक कॅसेट होती तिथे नीट ठेवत गेले. कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरल्याची शरम वाटत होती मला. “मग त्यापेक्षा सिनेमाच बघ ना,” असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर ही शरम आहे. सिनेमात खण दिग्दर्शक उघडतो आणि मी नुसती बघते. इथे तो मी उघडला होता. नसता उघडला तरी चाललं असतं.

आणि हाताचं म्हणाल, तर हात रिकामाच ठेवला पाहिजे असंही नाही. ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ या 2017 च्या गेममध्ये लुईस नावाचा मुलगा मासे डबाबंद करायच्या कारखान्यात कामाला आहे. कंट्रोलरवरच्या उजव्या स्टिकने, म्हणजे अंगठ्याने हलवायच्या दांडीने, मासा उचलायचा, पात्याखाली सरकवायचा, मुंडकं उडालं की पुढे ढकलायचा. मग दुसरा. तिसरा. तेवढ्यात स्क्रीनवर त्याचं दिवास्वप्न सुरू होतं, एक लहानसं राज्य, आणि डाव्या स्टिकने आपण त्या राज्यात चालायला लागतो. स्वप्न वाढत वाढत जवळजवळ सगळा स्क्रीन व्यापतं. उजवा हात मात्र मासे कापतच असतो. एका क्षणी माझ्या लक्षात आलं की मी कितीतरी वेळ माशांकडे बघितलंच नाहीये आणि हात अगदी बिनचूक चाललाय. कंटाळवाण्या कामात माणूस कसा हरवतो हे मला कुणी सांगितलं नाही, माझ्याच अंगठ्यांनी ते करून दाखवलं. या गेमला 2018 मध्ये सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. पुढे काय होतं ते सांगत नाही.

आता तक्रारी. त्या खोट्या नाहीत. ‘गॉन होम’ आला तेव्हा किंमत 20 डॉलर होती आणि तो दोन-तीन तासांत संपतो. वाट माहीत असेल तर मिनिटभरातही शेवट गाठता येतो. त्यात 2015 पासून स्टीमवर, खरेदीला 14 दिवस व्हायच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो. म्हणजे कादंबरी वाचून संपवायची आणि पैसे परत मागायचे. छोटे गेम करणाऱ्यांना हे किती लागत असेल! पण खिशातून पैसे घालणाऱ्याने तास मोजले तर त्याला तरी काय बोलायचं?

तासांपेक्षा मला खुपतो तो लबाड संथपणा. धुकं, पियानो आणि वारलेली बायको एवढ्या भांडवलावर उभे राहिलेले तीन-चार गेम मी खेळलेय. माळावरून चार मिनिटं चालवायचं आणि शेवटी एक गुळगुळीत वाक्य ऐकवायचं. चाल मंद केली की आशय आपोआप खोल होतो असा यांचा समज दिसतो. अशा वेळी मी भावाच्या बाजूने असते.

वेगाचं गणित मुरलेल्यांचंही चुकतं. ‘डिअर एस्थर’वाल्यांचाच 2015 चा ‘एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर’ घ्या. 1984 सालचं एक इंग्लिश खेडं, माणसं सगळी नाहीशी झालेली, आणि आपण त्यांच्या उरलेल्या आवाजांमागे हिंडायचं. प्लेस्टेशनवर कंट्रोलरचं आर-टू बटण दाबून धरलं की चाल हळूहळू वाढत होती, पण हे खेळणाऱ्यांना कुठे सांगितलंच नव्हतं. लोक गावभर रखडत फिरले, वैतागले, मग स्टुडिओला जाहीर खुलासा करावा लागला. मला यात गंमत वाटते ती ही, की एका बटणावरून एवढं रामायण झालं. शूटरमध्ये धावायचं बटण सापडलं नाही तर माणूस मरतो आणि शोधतो. इथे तो मरत नाही, नुसता चिडत राहतो.

भावाला शेवटी मी ‘गॉन होम’पुढे बसवलंच. त्याने एक वस्तू परत जागेवर ठेवली नाही. डबे, पुस्तकं, टिश्यूचा खोका, सगळं फरशीवर. मी मागे उभी राहून ओठ आवळून बघत होते. तासाभराने तो म्हणाला, “हा गेम नाहीये,” आणि पुढच्या खोलीत गेला. तिथेही दिवा लावला, तसाच ठेवला. मग कुठेतरी त्याला त्या घरातल्या बाबांनी धाकटीसाठी लिहिलेली चिठ्ठी सापडली : घरभर दिवे चालू ठेवत जाऊ नकोस, तूही बहिणीसारखीच.

“ताई,” तो मागे न बघता म्हणाला, “तुझ्याबद्दल लिहिलंय इथे.”