एसएस पॅटर्न आणि पानथरी

नागपुरात आणि पूर्व विदर्भात ‘एसएस पॅटर्न’, म्हणजे सिकलसेल आजार, हा शब्द कितीतरी घरांत ठाऊक आहे. रक्त कमी होतं, हाडं दुखतात, हेही ठाऊक असतं. पानथरीबद्दल, म्हणजे प्लीहेबद्दल, मात्र कुणी फारसं बोलत नाही.

रक्तात शिरलेले जंतू बहुतांशी यकृतात संपतात. तिथून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त जातं आणि वाहिन्यांच्या आतल्या अंगाला बसलेल्या कुप्फर पेशी परकं काही दिसलं की धरून गिळतात. पण धरायला खूण लागते. अँटीबॉडी किंवा सी३बी हे प्रथिन जंतूला चिकटलं, की पकड घट्ट बसते. न्यूमोकोकस या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूभोवती शर्करेचं बुळबुळीत कवच असतं. खूण अपुरी पडली की तो यकृताच्या हातून निसटतो.

त्याला पकडते ती पानथरी. मोठ्या माणसात जेमतेम १५० ग्रॅमची. इथे रक्त वाहिनीबाहेर पडून भक्षक पेशींच्या दाटीतून सावकाश सरकतं आणि परत आत शिरताना सुमारे १ मायक्रॉनच्या फटीतून जातं. ७-८ मायक्रॉनची तांबडी पेशी लवचिक असते म्हणून निभावते. सिकलसेलमध्ये विळ्यासारखी ताठ झालेली पेशी तिथेच अडकते, वाहिन्या तुंबतात आणि पानथरी हळूहळू निकामी होते. आपल्याकडच्या मुलांत ती पुष्कळदा मोठी राहते, हाताला लागते. म्हणून ती काम करतेच असं नाही. रक्ताच्या काचेवर हॉवेल-जॉली ठिपके (तांबड्या पेशीत उरलेले केंद्रकाचे कण, जे पानथरी एरवी काढून टाकते) दिसले, तर सफाई थांबली आहे असं समजावं. एएस पॅटर्नवाल्यांची, म्हणजे नुसत्या वाहकांची, पानथरी सहसा शाबूत असते.

म्हणून एसएस बाळाला पेनिसिलिन रोज दोनदा: ३ वर्षांपर्यंत दर वेळी १२५ मिलिग्रॅम, पुढे ५ वर्षांपर्यंत २५०. न्यूमोकोकसची लस सरकारी वेळापत्रकात आहेच, पण २ वर्षांनंतरची वेगळी लसही डॉक्टरांना विचारून घ्यावी.

आणि ताप १०१ फॅरनहाइटवर गेला, तर त्याच तासाला दवाखाना. मे महिन्यात ‘ऊन लागलं असेल’ म्हणून कांदा लावून रात्र काढणं फार महागात पडतं. न्यूमोकोकस काही तासांत जीव घेऊ शकतो. रक्त कल्चरला (जंतू शोधायच्या तपासणीला) पाठवून अँटिबायोटिकचं इंजेक्शन लगेच द्यायचं असतं, रिपोर्टची वाट पाहायची नसते.

डाव्या बरगडीखाली पानथरी किती बोटं लागते, हे आईने डॉक्टरांकडून शिकून घ्यावं. लेकरू एकाएकी पांढरं पडलं आणि पानथरी कालच्यापेक्षा दोन बोटं वाढली, तर रक्त तिच्यात साठतंय. तेव्हा ताप नसला तरी थेट इमर्जन्सीत न्यावं.