हेब्रॉन: जाताना एक बस, येताना दुसरी

जेरुसलेमहून हेब्रॉन जेमतेम ३० किलोमीटर. जायच्या तऱ्हा दोन. पहिली म्हणजे जुन्या शहराच्या दमास्कस गेटसमोरच्या अरबी बसस्टँडवरून २३१ नंबरची बस धरायची, बेथलेहेमच्या बाब अल-झकाक नाक्यावर उतरायचं आणि तिथून शेअर व्हॅन. दुसरी म्हणजे शहराच्या पश्चिमेकडच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून हेब्रॉनला लागून असलेल्या किर्यात अर्बा या इस्रायली वसाहतीकडे जाणारी बस. हिच्या काचा गोळी न भेदणाऱ्या, आणि ती थेट अब्राहमच्या कबरीच्या दाराशी सोडते. दोन्ही वाटा शेवटी त्याच एका दगडी इमारतीपाशी पोचतात, पण पहिल्या बसमध्ये सहसा ज्यू दिसत नाही आणि दुसरीत अरब. आम्ही दोघं नवरा-बायको २०२३ च्या फेब्रुवारीत पहिलीने गेलो आणि दुसरीने परतलो. जमेल त्यांनी तसंच करावं असं माझं मत आहे. इस्रायल-पॅलेस्टाइनमधला जमिनीचा वाद म्हणजे नक्की काय, ते या दोन तिकिटांमध्ये दिसतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हे सगळं ७ ऑक्टोबर २०२३ च्या आधीचं आहे. हमासचा हल्ला, त्यानंतर गाझातलं युद्ध आणि हेब्रॉन ज्यात येतं त्या, १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेतली नाकेबंदी, यांनी बरंच काही बदललं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी कार्यालयाने २०२५ च्या सुरुवातीला वेस्ट बँकेत तपासणी नाके, लोखंडी फाटकं, मातीचे ढिगारे असे ८४९ अडथळे मोजले होते. आम्हाला उघडी मिळालेली वाट तुम्हाला बंद मिळू शकते. सकाळी उघडी आणि दुपारी बंद, असंही होतं. गाझात पर्यटक म्हणून जाताच येत नाही, त्यामुळे तो विषय सोडा. तेल अवीवचा भारतीय दूतावास आणि रामल्लातलं भारताचं प्रतिनिधी कार्यालय, दोन्हींचे नंबर मोबाइलमध्ये आणि कागदावरही ठेवा. दूतावासाची ताजी सूचना वाचल्याशिवाय तिकीट काढू नका.

आपल्या पासपोर्टला इस्रायलचा व्हिसा आधीच काढावा लागतो, मुंबईत त्यांचा वाणिज्य दूतावास आहे. पॅलेस्टाइनचा वेगळा व्हिसा नसतो. भारताने पॅलेस्टाइनला १९८८ मध्येच देश म्हणून मान्यता दिली खरी, पण त्या देशात शिरायच्या प्रत्येक दारावर इस्रायलचा शिपाई उभा आहे. विमानतळावर पासपोर्टवर शिक्का न मारता एक छोटी निळी चिठ्ठी देतात. ती पासपोर्टमध्येच ठेवा, नाक्यांवर तीच बघतात.

मुक्कामाला जेरुसलेम सोयीचं. आम्ही मात्र सुरुवातीला इस्रायलमधल्या रामलेत होतो, नवऱ्याच्या अलिबागकडच्या ओळखीतल्या एका बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, आजींकडे. साठच्या दशकात कोकणातून तिकडे गेलेल्या, मराठी अजून खणखणीत. हेब्रॉनचं नाव काढल्याबरोबर म्हणाल्या, "तिकडे काय बघायचंय गं पोरी? आमचा नातू होता तिथं ड्युटीला. परत आला तो वर्षभर काही बोलला नाय." मी विचारलं, का नाही बोलला? "ते तू त्यालाच विचार," म्हणून त्यांनी पोह्यांवर खोबरं पेरलं आणि विषय संपवला. रामलेही काही या भांडणाबाहेरचं गाव नाही. १९४८ च्या जुलैमध्ये इथल्या आणि शेजारच्या लोदच्या बहुतेक अरबांना इस्रायली फौजेने घालवून दिलं, आणि पुढे जगभरातून आलेले ज्यू तिथं वसले. आज गावात साधारण चौथा हिस्सा अरब आहेत. आजींचा भाजीवाला अरबच, आणि त्याच्याशी त्या हिब्रूत अगदी आपल्या बाजारातल्यासारखी घासाघीस करतात.

आता बस. जेरुसलेममधून बाहेर पडलं की गाड्यांच्या नंबरपाट्या आणि घरांची छपरं बघत राहा. पिवळी पाटी इस्रायली, पांढरी-हिरवी पॅलेस्टिनी. टेकडीवर लाल कौलांची एकसारखी घरं दिसली की बहुधा इस्रायली वसाहत, म्हणजे ताब्यातल्या जमिनीवर इस्रायलींनी वसवलेली वस्ती. सपाट गच्च्या आणि त्यांवर काळ्या टाक्या असतील तर पॅलेस्टिनी वस्ती. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून त्या टाक्या. १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो कराराने (इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेते यांच्यातला) वेस्ट बँकेची तीन भागांत वाटणी केली. एरिया ए, सुमारे १८ टक्के, इथं कारभार आणि पोलीस पॅलेस्टिनी. एरिया बी, सुमारे २२ टक्के, कारभार त्यांचा पण सुरक्षा इस्रायलची. उरलेला ६० टक्के एरिया सी, तिथं सगळंच इस्रायलच्या हातात, आणि बहुतेक वसाहती त्यातच. ही सोय पाच वर्षांपुरती होती, पण अजून तीच चालू आहे. ए भागाच्या तोंडाशी मोठा लाल फलक असतो: इस्रायली नागरिकांना प्रवेश बंद, जिवाला धोका. भाड्याची गाडी घेणार असाल तर हा फलक तुमच्याही कामाचा आहे, कारण इस्रायली कंपन्यांचा विमा बहुधा तिथं संपतो. गाडी नकोच, बसने जा.

बाब अल-झकाकला ड्रायव्हर "खलील! खलील!" असं ओरडत असतात. अल-खलील म्हणजेच हेब्रॉन. ही व्हॅन म्हणजे आपल्याकडचं वडापच, भरली की सुटते, पैसे पुढे हातोहात पोचवायचे. सुटे शेकेल (इस्रायली चलन) ठेवा. माझ्या शेजारी एक शाळामास्तर होते, इंग्रजी शिकवणारे. जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीच्या आवारात गेलात का, असं त्यांनी विचारलं. आम्ही आदल्या दिवशीच जाऊन आलो होतो (बिगरमुस्लिमांना ठरावीक वेळीच आणि फक्त आवारात सोडतात). त्यांच्याकडे वेस्ट बँकेचं हिरवं ओळखपत्र, म्हणजे जेरुसलेमला जायचं तर परवाना हवा, आणि तो मिळेलच असं नाही. मी "हो, गेलो होतो" म्हटलं, पण तीस किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला हे मुंबईहून येऊन सांगताना ओशाळल्यासारखं झालं. ते मात्र आनंदाने चौकशी करत राहिले, गर्दी किती होती, ऊन होतं का. बाहेर छाटलेल्या द्राक्षवेली आणि बदामाला आलेला पांढरा बहर. फेब्रुवारीत जाणार असाल तर जाड स्वेटर न्या. हेब्रॉन ९०० मीटरच्या वर आहे आणि वारा बोचरा असतो.

व्हॅन गावात बाब अल-झाविया भागात सोडते. इथवर हेब्रॉन म्हणजे हॉर्न, फळांच्या गाड्या आणि चपलांची दुकानं असलेलं दोन लाखांवर वस्तीचं गजबजलेलं शहर. १९९७ च्या करारानं त्याचेही दोन भाग झाले: एच-१, ८० टक्के, पॅलेस्टिनींकडे, एच-२, २० टक्के, इस्रायली लष्कराकडे. एच-२ मध्ये तीस-पस्तीस हजार पॅलेस्टिनी आणि त्यांच्या मधोमध सुमारे ८०० इस्रायली वसाहतवाले राहतात. वेस्ट बँकेतल्या इतर वसाहती सहसा गावाबाहेरच्या टेकडीवर असतात. इथं ती जुन्या बाजाराच्या डोक्यावर आहे, अक्षरशः वरच्या मजल्यावर.

बाजाराच्या गल्लीत मान वर केलीत की तारेची जाळी दिसते. जाळीवर प्लास्टिकच्या बाटल्या, एक मोडकी खुर्ची, विटांचे तुकडे, डायपर. वरच्या खिडक्यांमधून टाकलेलं, असं दुकानदार सांगतात, आणि जाळीही त्यासाठीच घातलेली. ज्यांच्याकडून मी भरतकामाची पिशवी घेतली त्या काकांनी दुकानावरची ताडपत्री दाखवली. जाळी दगड अडवते, पाणी अडवत नाही, म्हणाले, आणि ते पाणी नेहमी स्वच्छ नसतं. घासाघीस करायचा धीर झाला नाही. इथं दिवसाकाठी फार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा खरेदी करायचीच असेल तर विमानतळावर न करता इथं करा. काफिये (पॅलेस्टिनी चौकड्यांचे रुमाल) हवे असतील तर गावातच १९६१ पासूनचा हिरबावींचा माग-कारखाना आहे. हेब्रॉनची फुंकलेली निळी काचही बघण्यासारखी.

गल्लीच्या टोकाला गोल फिरणारं लोखंडी फाटक, मेटल डिटेक्टर, आणि पलीकडे ती इमारत. मुस्लिमांची इब्राहिमी मशीद, ज्यूंची मखपेला गुहा. भिंती राजा हेरोदच्या काळातल्या, दोन हजार वर्षांच्या, एकेक दगड माणसाहून लांब. अब्राहमने ही गुहा ४०० शेकेल वजनाची चांदी मोजून विकत घेतली, असं बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. अब्राहम-सारा, इसहाक-रिबका, याकोब-लेआ, सगळ्यांच्या कबरी इथं मानतात. १९६७ पर्यंत ज्यूंना बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपलीकडे जायची मनाई होती. २५ फेब्रुवारी १९९४ ला रमजानात पहाटेच्या नमाजाच्या वेळी किर्यात अर्बाचा डॉक्टर बारुख गोल्डस्टीन लष्करी वेशात आत शिरला आणि त्याने २९ जणांना गोळ्या घातल्या. त्यानंतर इमारत वाटली गेली. वर्षातले दहा दिवस ती पूर्ण मुस्लिमांची असते, दहा दिवस पूर्ण ज्यूंची. त्या तारखा आधी पाहा, शुक्रवार-शनिवार टाळा आणि नमाजाच्या वेळा चुकवून जा.

त्या फाटकापाशी नाक्यावर असलेल्या सैनिक पोराने (वय एकोणीस-वीस असेल) पासपोर्ट बघून थेट विचारलं, "धर्म?" हिंदू म्हटल्यावर त्याने खांदे उडवले आणि आम्हाला सोडलं. दोन्ही बाजूंना जाता येतं ते आपल्यासारख्या तिऱ्हाइतांना. तुमच्याबरोबर मुस्लिम किंवा ज्यू मित्र असतील तर त्यांना बहुधा एकाच बाजूला सोडतील, हे निघतानाच धरून चाला. मशिदीत बायकांना डोक्यावर टोपी असलेला लांब झगा देतात. स्वतःची ओढणी असली तरी तो घालावाच लागतो. आत इसहाक आणि रिबकाच्या कबरींवर हिरवी वस्त्रं, आणि सलाउद्दीनने अस्कलानहून आणवलेलं अकराव्या शतकातलं लाकडी मिंबर, म्हणजे प्रवचनाचा उंच चौथरा. कोरीवकाम सावकाश बघा. अब्राहमची कबर मधल्या खोलीत आहे. मशिदीकडच्या जाळीतून डोकावलं तर पलीकडे ज्यूंच्या बाजूची खिडकी दिसते, मध्ये जाड काच. एक दाढीवाला तरुण पलीकडे पुटपुटत प्रार्थना करत होता. त्याने वर पाहिलं, मी वर पाहिलं. अर्ध्या तासाने बाहेरून वळसा घालून आम्ही त्याच्या बाजूला गेलो तर तिथं चहाची किटली आणि पुस्तकांची कपाटं, नवरा म्हणाला वाचनालयच आहे की.

तिथून शुहदा रस्ता. एकेकाळची मुख्य बाजारपेठ. आता दुकानांची हिरवी दारं वेल्डिंग करून बंद, आणि रस्त्याच्या बऱ्याच भागात पॅलेस्टिनींना चालायलाही बंदी. आम्ही चाललो, कोणी हटकलं नाही. याच रस्त्यावर बेत हदस्सा इमारतीत १९२९ च्या दंगलीचं प्रदर्शन आहे. त्या ऑगस्टमध्ये अरब जमावाने हेब्रॉनमधले ६७ ज्यू मारले, आणि कित्येकांना अरब शेजाऱ्यांनीच लपवून वाचवलं. शतकानुशतकं इथं राहिलेली ज्यू वस्ती त्यानंतर उठली. वसाहतवाले १९२९ पासून सुरुवात करतात, बाजारातले काका १९९४ पासून. जो वाटाड्या यातली एकच तारीख सांगेल त्याला अर्धेच पैसे द्यावेत असं माझं मत. पण एक फरक डोळ्यांआड करू नये: आज त्या रस्त्यावर कोणी चालायचं, ते एकच बाजू ठरवते. अर्धा दिवस पॅलेस्टिनी आणि अर्धा दिवस इस्रायली वाटाड्या अशा सहली जेरुसलेमहून निघत असत. सध्या चालू आहेत का ते विचारून घ्या. पहिल्यांदा जाणाऱ्याने एकट्याने भटकू नये.

परतीची बस गुहेच्या समोरच मिळते. रोख पैसे चालतीलच असं नाही, राव-काव (इस्रायली बसचं प्रवासी कार्ड) आधीच भरून ठेवा. शुक्रवारी दुपारनंतर शनिवारी सूर्यास्तापर्यंत ही बस नसते. अरबी बस असते. गाडीत शाळेच्या मुली, बाबागाडी घेतलेली एक आई, मांडीवर बंदूक ठेवून झोपलेला सैनिक. त्या आईने इंग्रजीत विचारलं कुठून आलात, मग म्हणाली, "भीती नाही वाटली?" मी विचारलं तुम्हाला वाटते का. "मुलं शाळेत जातात तेव्हा," म्हणाली. सकाळी नाक्यांवर किती वेळ जाईल याचा अंदाज मास्तर बोटांवर मोजत होते. ही बस कुठंही थांबली नाही, थेट जेरुसलेम.

नाबलुसला कुनाफा खायला जायचं ठरलं होतं. २२ फेब्रुवारीला तिथं लष्कराच्या कारवाईत ११ पॅलेस्टिनी मारले गेले, २६ ला जवळच्या हुवारात दोन इस्रायली भावांना गोळ्या घातल्या आणि त्याच रात्री वसाहतवाल्यांनी गावातली घरं-गाड्या जाळल्या. आम्ही बेत रद्द केला. वेळापत्रकात असे दोन मोकळे दिवस ठेवाच, आणि परत न मिळणारं हॉटेल बुकिंग करू नका.

बाकी किरकोळ. सैनिकांचे आणि नाक्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. इस्रायली सिमला ए भागात रेंज जाते-येते, नकाशा उतरवून ठेवा. शाकाहाऱ्यांचं हुमुस, फलाफल, फूल (बाकल्याच्या दाण्यांचा पदार्थ) यांवर उत्तम भागतं. हेब्रॉनची खासियत किद्रा मात्र मटणाची. निघताना बेन गुरियन विमानतळावर तीन तास आधी पोचा. वेस्ट बँकेत गेला होतात का, हे विचारतातच. खरं आणि थोडक्यात सांगा, कोणाची बाजू घेऊन भाषण नको. काचेचे पेले घेतले असतील तर हातातल्या पिशवीत ठेवा. ते सगळे उघडून बघतात आणि परत गुंडाळायचं काम आपल्यावर येतं, तेव्हा एक चिकटपट्टी वरच्या कप्प्यात असू द्या.